विखुरलेल्या नोंदी आणि त्यांची घटक चाचणी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय संगणकाच्या क्षेत्रातला आहे आणि वक्ता बी.ए., बी.एड्. आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून एका पालकांनी मला दारातच विचारले, “सर, आपण तर मराठी शिकवता ना?” होय, मराठीच शिकवतो. प्रोग्रॅम कसा लिहावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि ते मी सांगणारही नाही. लिहिलेल्या प्रोग्रॅमची परीक्षा कशी घ्यावी आणि अशा हजारो परीक्षा रचून कशा ठेवाव्यात, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. परीक्षा काढणे, ती तपासणे आणि तिच्या निकालावर कितपत विसंबावे हे ठरवणे, हा शिक्षकाचा रोजचा व्यवसाय आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या काही माजी विद्यार्थ्यांशी बोलताना मला असे दिसून आले की, जे आम्ही बी.एड्.च्या वर्गात मूल्यमापन म्हणून शिकलो, तेच हे लोक वेगळ्या नावांनी करीत आहेत. म्हणून हा विषय घेण्याचे धाडस केले.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या सोलापुरातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली बी.सी.ए., बी.एस्सी., डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला जातात. पहिली नोकरी लागल्याचा फोन येतो. काम काय, म्हणून घरचे विचारतात. ‘टेस्टिंग’ असे उत्तर आले की घरातला आवाज जरा खाली येतो. “म्हणजे खरे प्रोग्रॅमिंग नाही वाटते,” असे कोणीतरी म्हणते. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ही गोष्ट निघालेली मी ऐकली आहे. हा समज कितपत खरा आहे, हे आपण एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

प्रथम ‘विखुरलेला डेटाबेस’ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपले गाव रेल्वेचे, तेव्हा रेल्वेपासूनच सुरुवात करू. पूर्वी आरक्षणाची नोंद जाडजूड रजिस्टरात होत असे. १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. मागोमाग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली, पण प्रत्येक केंद्राचा संसार वेगळा होता. १९८६ साली स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली तयार केली आणि १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. त्यामुळे सोलापूरच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला दूरच्या विभागातून सुटणाऱ्या गाडीचे तिकीटही इथेच मिळू लागले. नोंदी पाच ठिकाणी, पण प्रवाशाला मात्र एकच रजिस्टर असल्यासारखे वाटते. विखुरलेल्या डेटाबेसचे मर्म यातच आहे.

पुढे व्याप वाढला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या प्रचंड उलाढालीच्या जगात महत्त्वाची माहिती एकाच यंत्रात ठेवून चालत नाही. यंत्र बंद पडले की सारेच बंद. म्हणून एकच नोंद दोन-तीन यंत्रांत ठेवतात. यासाठी तयार डेटाबेस मिळतात. त्यांपैकी ‘कॅसांड्रा’ हा एक प्रसिद्ध डेटाबेस आहे. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी तो फेसबुक कंपनीत तयार केला, २००८ साली तो सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि २०१० पासून तो अपाची प्रतिष्ठानचा प्रमुख प्रकल्प आहे. खुला म्हणजे त्याचा सारा कोड आणि त्याच्या साऱ्या चाचण्या कोणीही उघडून वाचू शकतो. त्यासाठी फी नाही आणि परवानगीही लागत नाही. म्हणूनच मी हे उदाहरण निवडले.

विद्यार्थ्यांनो, आता जरा गणित. एका नोंदीच्या तीन प्रती तीन यंत्रांत आहेत. नवी नोंद लिहिताना तिन्ही यंत्रांचा होकार येईपर्यंत थांबलो तर एक यंत्र आजारी पडताच काम अडेल. म्हणून तिघांपैकी दोघांचा होकार आला की नोंद झाली असे मानायचे. वाचतानाही दोघांना विचारायचे. दोन अधिक दोन चार. चार हे तिनापेक्षा मोठे. म्हणजे लिहिणाऱ्याने गाठलेल्या दोघांत आणि वाचणाऱ्याने विचारलेल्या दोघांत निदान एक यंत्र समान असणारच, आणि त्याच्याकडे ताजी नोंद सापडणारच. सातवीच्या मुलाला कळेल असा हा हिशेब आहे.

हिशेब सोपा, अडचण व्यवहारात आहे. निरोप उशिरा पोचतो, कधी दोनदा पोचतो. एका यंत्राचे घड्याळ पुढे असते. लिहिता लिहिता वीज जाते, हे तर आपल्याला वेगळे सांगायला नकोच. वेगवेगळ्या यंत्रांतील घटनांचा आधी कोणती, नंतर कोणती असा क्रम केवळ घड्याळावरून लावता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या निबंधात दाखवून दिले. कॅसांड्रामध्ये दोन नोंदींत विरोध आला तर ज्या नोंदीवरची वेळ नंतरची ती खरी धरतात. आता ज्या यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे त्याची जुनी नोंद दुसऱ्याच्या नव्या नोंदीवर मात करील की नाही? करील. अशा जागी परीक्षा घ्यावी लागते.

याहून मौजेचा, आणि खरे तर भीतीदायक, प्रकार नोंद पुसण्याचा आहे. तो मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण आपण सर्व शाळेशी संबंधित आहोत.

समजा, संस्थेच्या तीन इमारतींत जनरल रजिस्टरची एक एक प्रत ठेवली आहे. एक विद्यार्थी दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेला. दोन इमारतींत त्याचे नाव कमी केले. तिसरी इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. नाव नुसते खोडून भागणार नाही. तिसऱ्या प्रतीला नंतर कळावे म्हणून ‘हे नाव कमी केले आहे’ अशी चिठ्ठी जपून ठेवावी लागते. कॅसांड्रामध्ये या चिठ्ठीला ‘टूम्बस्टोन’, म्हणजे कबरीवरचा दगड, असे नाव आहे. परंतु अशा चिठ्ठ्या जन्मभर सांभाळल्या तर कपाट भरून जाईल. म्हणून काही मुदतीनंतर त्या काढून टाकण्याची मोकळीक असते. कोणी बदलली नाही तर ही मुदत दहा दिवसांची असते. आता गंमत पाहा. अकराव्या दिवशी चिठ्ठ्या टाकून दिल्या आणि बाराव्या दिवशी तिसरी इमारत उघडली. तिच्या रजिस्टरात त्या मुलाचे नाव आहे. बाकीच्या दोघांत नावही नाही आणि चिठ्ठीही नाही. तिन्ही प्रती जुळवायला बसलेला कारकून काय समजेल? या दोघांकडून एक नाव लिहायचे राहिले, असेच तो समजेल आणि मोठ्या प्रामाणिकपणे ते नाव दोन्हीकडे पुन्हा लिहील. दाखला घेऊन गेलेला मुलगा परत पटावर! मुलाच्या जागी बँकेतले बंद केलेले खाते किंवा रद्द केलेली मासिक वजावट ठेवून पाहा, म्हणजे यातले गांभीर्य ध्यानात येईल.

यावर उपाय आहे. दहा दिवसांच्या आत तिन्ही प्रती एकदा ताडून घ्यायच्या, म्हणजे चिठ्ठी टाकण्यापूर्वी ती तिसऱ्याला पोचलेली असते. उपाय कागदावर आहेच. परंतु प्रोग्रॅममध्ये तो नीट उतरला आहे की नाही, आणि उद्या कोणी दुसऱ्याच कामासाठी चार ओळी बदलल्या तर तो शाबूत राहील की नाही, याची खात्री कोण देणार? ती खात्री स्वयंचलित चाचणी देते. ही चाचणी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅमच असतो. तो तीन यंत्रांचा खेळ मांडतो, तिसऱ्याकडे जाणारे निरोप अडवतो, एक नोंद पुसतो, मग वाट मोकळी करून तिन्ही प्रती ताडतो, चिठ्ठ्या टाकून देतो आणि शेवटी विचारतो, ती नोंद आहे का? ‘नाही’ असे उत्तर आले तर हिरवा. ‘आहे’ असे आले तर लाल. दहा दिवस थांबण्याची गरज नाही, चाचणीपुरती मुदत काही सेकंदांवर आणता येते.

स्वयंचलित या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. आपल्या शहरात ज्यांच्या घरी माग आहे त्यांना हे ठाऊक आहे. बाणा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी योजना पॉवरलूमवर असते. नाहीतर चादरीत वीतभर दोष विणला जाईपर्यंत कोणाला पत्ता लागायचा नाही. जपानचे साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग याच गुणासाठी गाजला. धागा तुटताच थांबणारा माग. त्याच घराण्याने पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना काढला. प्रोग्रॅमच्या चाचण्या अगदी हेच काम करतात. जगात कोठेही बसलेल्या माणसाने कोडमध्ये बदल सुचवला की हजारो चाचण्या आपोआप चालतात, आणि एखादी लाल झाली की त्या बदलाला वाट मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चाचण्या लिहिणे एक, आणि त्या लावून ठेवणे दुसरे. कॅसांड्रासारख्या प्रकल्पात चाचण्यांची संख्या हजारांत जाते. त्यांचा नुसता ढीग केला तर लाल दिवा लागूनही कोठे काय बिघडले ते कळणार नाही. कॅसांड्राच्या कोडमध्ये चाचण्यांसाठी एक मोठे दालन आहे आणि त्यात खण पाडलेले आहेत. पहिल्या खणाचे नाव इंग्रजीत ‘युनिट’. आपण शाळेत ‘घटक चाचणी’ म्हणतो, शब्दशः तेच! तारखांची तुलना, चिठ्ठीची मुदत, एका पानावरची नोंद असा एकेक लहान घटक तिथे तपासला जातो, तोही बहुधा एकाच यंत्रात आणि झटपट. दुसरा खण ‘विखुरलेल्या’ चाचण्यांचा. यात एकाच संगणकाच्या पोटात दोन-तीन लुटुपुटीची यंत्रे उभी करून त्यांच्यातले निरोप हवे तसे अडवता येतात. मघाची दाखल्याची गोष्ट या खणातली. याखेरीज लांबलचक चालणाऱ्या चाचण्यांचा खण वेगळा, आणि यंत्राला अक्षरशः घाम फोडणाऱ्या चाचण्यांचा वेगळा. खरीखुरी स्वतंत्र यंत्रे चालवून घ्यायच्या चाचण्या तर पायथन भाषेत लिहून निराळ्याच भांडारात ठेवल्या आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक.

फरक एवढाच की, आपल्याकडे वार्षिक परीक्षेला मान आणि घटक चाचणीकडे पालकांचे लक्षही नसते. तिकडे उलटे आहे. वार्षिक परीक्षेत मुलगा नापास झाला तर तो नक्की कोठे कच्चा आहे ते निकालपत्रावरून समजत नाही. घटक चाचणीत नापास झाला तर ‘अपूर्णांकांचा भागाकार’ एवढे नेमके बोट ठेवता येते. म्हणून जे खालच्या खणात तपासता येईल ते वरच्या खणात ढकलायचे नाही. वरचा खण फक्त त्याच गोष्टींसाठी, ज्या दोन यंत्रे एकत्र आल्याशिवाय घडतच नाहीत. प्रत्येक चाचणीचे नावही असे असावे की, ती लाल झाल्याबरोबर नाव वाचूनच दोष समजावा. ‘चाचणी क्रमांक सतरा’ या नावाने कोणाला काय कळणार? आणि प्रत्येक चाचणीने आपला फळा आपण पुसून जावे. आधीच्या तासाचे गणित फळ्यावर राहिले तर पुढच्या तासाला मराठीच्या सरांचे काय होते ते मला विचारा.

खण पाडले, पण त्यांत काय भरायचे? इथे बी.एड्.चा संविधान तक्ता उपयोगी पडतो. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी आम्ही उभ्या रकान्यात घटक आणि आडव्या ओळीत उद्दिष्टे मांडून कोणत्या चौकटीला किती गुण ते ठरवतो. नाहीतर परीक्षक आपल्या आवडत्या धड्यावरच सारे प्रश्न काढतो. डेटाबेसचाही असाच तक्ता मांडून पाहावा. उभ्या रकान्यात कामे: नोंद लिहिणे, वाचणे, पुसणे, प्रती ताडणे, नवे यंत्र सामील करून घेणे. आडव्या ओळीत संकटे: यंत्र बंद, निरोप हरवला, निरोप उशिरा आला, घड्याळ चुकले, डिस्क भरली. सारे सुरळीत असतानाची चौकट बहुतेक वेळा भरगच्च असते, कारण लिहिणाऱ्याला आपला प्रोग्रॅम चालताना पाहायला आवडतो. संकटांच्या चौकटी मात्र ओस असतात.

ही माझी कल्पना नव्हे. टोरांटो विद्यापीठातील डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅसांड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणाल्यांमधील, वापरणाऱ्यांनी प्रत्यक्ष कळवलेले १९८ बिघाड त्यांनी एकेक करून तपासले. निष्कर्ष ऐकण्यासारखे आहेत. सगळे बसवणाऱ्या भयंकर बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाड असे निघाले की, ज्यांत प्रोग्रॅमला आधी एका किरकोळ अडचणीचा इशारा मिळालेला होता, आणि त्या इशाऱ्याची दखल घेणारा भागच चुकीचा होता. काही ठिकाणी तो भाग कोराच होता. काही ठिकाणी ‘हे नंतर करायचे आहे’ एवढी टीप लिहून लेखक पुढे गेला होता. अशा भयंकर बिघाडांपैकी ५८ टक्के तर दखल घेणाऱ्या त्या ओळींची साधी चाचणी केली असती तरी आधीच सापडले असते.

पालकहो, हा आकडा मला फार बोलका वाटतो. आग लागली ती कोणत्या गूढ, अगम्य कारणाने नव्हे. आगीची घंटा वाजली. घंटा वाजल्यावर काय करायचे त्या पाटीवर काहीच लिहिलेले नव्हते. आणि पाटी कोरी आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण घंटा वाजवून पाहण्याची परीक्षा कोणी घेतलेली नव्हती.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी. तपासलेल्या बिघाडांपैकी ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी यंत्रांत घडवून दाखवता येतात. हजारो यंत्रांचा कारखाना त्यासाठी लागत नाही. आणि ७७ टक्के बिघाड घटक चाचणी लिहून पुन्हा उभे करता येतात. ज्या विद्यार्थ्याला वाटते की असे काम मोठ्या कंपनीच्या मोठ्या यंत्रशाळेशिवाय होत नाही, त्याने हे दोन आकडे वहीत टिपून ठेवावेत.

आता निकालावरच्या विश्वासाची गोष्ट. चांगल्या परीक्षेचे दोन गुण आम्हाला पाठ करावे लागले होते: सप्रमाणता आणि विश्वसनीयता. विश्वसनीयता म्हणजे तीच परीक्षा पुन्हा घेतली तर तोच निकाल यावा. विखुरलेल्या डेटाबेसच्या चाचण्या इथेच घसरतात. कोड तोच, चाचणी तीच. काल हिरवी, आज लाल, पुन्हा चालवली की हिरवी. गुगल कंपनीतर्फे २०१६ साली असे सांगण्यात आले होते की, त्यांच्याकडील चाचण्यांच्या सुमारे दीड टक्का निकालांत अशी धरसोड असते, आणि जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत ती कमी-अधिक आढळते. दीड टक्का किरकोळ वाटेल. परंतु हजार चाचण्या चालवल्या तर पंधरा दिवे विनाकारण लाल होतील. मग माणूस सवयीने म्हणतो, ‘ती तशीच आहे, पुन्हा चालवा.’ आणि ज्या दिवशी ती खऱ्या कारणाने लाल होते त्या दिवशीही तो हेच म्हणतो. कॅसांड्रा हे ग्रीक कथेतल्या एका राजकन्येचे नाव आहे. ती भविष्य खरे सांगत असे, पण तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवू नये असा तिला शाप होता. डेटाबेसला हे नाव देणाऱ्यांच्या मनात काय होते कोणास ठाऊक. पण धरसोड करणाऱ्या चाचणीला ते चपखल बसते.

धरसोडीचे कारण बहुधा वेळेच्या अंदाजात सापडते. चाचणी लिहिणारा ‘पाच सेकंद थांब आणि मग पाहा’ असे लिहितो. वेगवान यंत्रावर पाच सेकंद पुरतात, दमलेल्या यंत्रावर पुरत नाहीत. ‘तिसऱ्या यंत्राचा होकार येईपर्यंत थांब, मात्र एका मिनिटाहून अधिक नको’ असे लिहिले तर निकाल स्थिर होतो. याहून नामी युक्ती फाउंडेशनडीबी नावाच्या डेटाबेसच्या कर्त्यांनी सुरुवातीपासून वापरली, आणि पुढे कॅसांड्रानेही तिचा स्वीकार केला. सारी यंत्रे, त्यांची घड्याळे, निरोपांची वाट, हे सगळे खोटे, पण पूर्णपणे आपल्या ताब्यातले बनवायचे. आणि संकटे एका बीज-आकड्यावरून सोडत काढल्यासारखी पाडायची. बीज तेच दिले की तीच संकटे त्याच क्रमाने येतात. रात्री तीन वाजता आलेला लाल दिवा सकाळी तसाच्या तसा पुन्हा लावून दाखवता येतो.

सप्रमाणतेचेही तसेच. जे मोजायचे तेच परीक्षा मोजते का? जो प्रश्न सर्वांनाच सुटतो त्याचे भेदन मूल्य शून्य, असे आम्ही म्हणतो. हुशार आणि कच्चा यांत तो भेद करीत नाही. प्रोग्रॅम बिघडवला तरी जी चाचणी हिरवीच राहते तिची गत तीच. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम कोडमध्ये बारीक बिघाड करून, ‘पेक्षा मोठे’च्या जागी ‘पेक्षा लहान’ लिहून, चाचण्या लाल होतात की नाही ते पाहतात. रिचर्ड लिप्टन यांनी ही कल्पना १९७१ साली विद्यार्थी असतानाच मांडली होती. १९७८ साली डीमिलो आणि सेवर्ड यांच्यासह त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. परीक्षेची परीक्षा घेण्याची ही रीत आमच्या शिक्षकवर्गानेही उचलावी, असे मला मनापासून वाटते. असो.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि तो देण्याची तयारी लागते. कॅसांड्राची ३.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. पुढची मोठी आवृत्ती ४.० यायला जुलै २०२१ उजाडले. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या सोयी घालणे थांबवून मंडळींनी जवळजवळ सारे बळ तपासणीवर लावले. या खटपटीत एक वेगळी पद्धत पुढे आली. माणसाने एकेक प्रश्न काढण्याऐवजी यंत्राकडूनच लिहा-वाचा-पुसाच्या लाखो आज्ञांच्या माळा तयार करून घ्यायच्या. पण मग नमुना उत्तरपत्रिका कोण लिहिणार? त्यासाठी शेजारी एक साधासुधा हिशेबनीस प्रोग्रॅम बसवायचा. तो सावकाश, एका वहीत, सरळ हिशेब ठेवतो. मोठ्या डेटाबेसचे उत्तर त्याच्याशी जुळले नाही की थांबायचे. इतकी वर्षे प्रतिष्ठेच्या नव्या सोयी बाजूला ठेवणे सोपे नव्हते, आणि वाट पाहणाऱ्यांनी कुरकुरही पुष्कळ केली. माझ्या मते निर्णय योग्य होता. ज्यांच्या नोंदी त्यात होत्या त्यांना नव्या सोयीपेक्षा जुनी नोंद परत मिळण्याची गरज अधिक होती.

तेव्हा पुढच्या वेळी मुलीने किंवा मुलाने ‘टेस्टिंग’ म्हटले तर एक प्रश्न विचारा. पडद्यावरची बटणे दाबून यादीत खुणा करण्याचे काम आहे, की चाचण्या स्वतः लिहून रचण्याचे? पहिल्या प्रकारचे कामही प्रामाणिकच आहे, पण त्यात वाढायला जागा कमी. आणि तसेच असेल तर मुलाने वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या प्रकाराकडे सरकावे. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅमिंग तर आहेच; शिवाय काय बिघडू शकते याची कल्पना आधी करावी लागते. थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या उन्मेष जोशी यांचे विखुरलेल्या प्रणालींच्या रचनांवरचे इंग्रजी पुस्तक २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशा खुल्या प्रकल्पांचे कोड वाचून त्यांतल्या समान युक्त्या त्यांनी वेगळ्या काढून दाखवल्या आहेत. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते वाचनालयाकडे मागावे.

व्याख्यानानंतर विद्यार्थी विचारतील, सुरुवात कोठून करावी? कॅसांड्राचा कोड उतरवून घ्या. त्याला जावा लागते. साऱ्या चाचण्या घरच्या लॅपटॉपवर चालवण्याचा हट्ट धरू नका, यंत्र तापून बसेल. त्या एकाच वेळी पुष्कळ यंत्रांवर वाटून चालवतात. ‘अँट’ नावाच्या साधनाने नाव देऊन एकच चाचणी चालवता येते, आणि साधारण लॅपटॉपला तेवढे झेपते. ‘युनिट’च्या खणात जा, नोंद पुसण्यासंबंधीची एक लहानशी चाचणी निवडा. प्रथम ती हिरवी होते ते पाहा. मग ती जो कोड तपासते त्यातली तुलनेची एक खूण उलटी करा आणि पुन्हा चालवा. लाल झाली तर कोणत्या ओळीवर, काय संदेश देऊन झाली, ते वहीत उतरवा. हिरवीच राहिली तर ते तर नक्कीच उतरवा, आणि माझ्याकडे घेऊन या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी संगणककक्षात असतो.